दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी येणार आहे

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाल्यावर तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मी डोंबिवली लोकलमध्ये होते. शेजारची मेथी निवडत होती. तिच्या हातातली अर्धी जुडी घेतली आणि उतरेपर्यंत मान खाली घालून निवडत राहिले. रडू कोणाला दिसायला नको होतं.

बाबा, तुम्ही म्हणालात, “तुझा मार्चएंड, उगाच धावपळ कशाला?” ३१ तारखेला बँकेतून निघायलाच साडेनऊ झाले, हे खरं. पण घरी कुकर यांनी लावला होता, चिऊला सासूबाईंनी निजवलं होतं. आमचं घर असं सगळ्यांच्या हातांनी चालतं. एक दिवस मी नसते तर काही अडलं नसतं. यायचं की नाही, ते मला ठरवू द्यायला हवं होतंत.

आई, माझ्या वेळी तुला बाळंतपणाची रजा ९० दिवसांचीच होती. मला तान्ही ठेवून तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परत रुजू झालीस. मला २०१८ साली, नव्या कायद्यामुळे, २६ आठवडे मिळाले. तरी कामावर परतले त्या पहिल्या दुपारी पान्ह्याने ब्लाउज भिजला आणि मी पदर घट्ट ओढून काउंटरवर बसून राहिले. त्या दिवशी तू कशी गेली असशील, ते कळलं. इतक्या वर्षांत तू कधी बोलली नाहीस.

आणि आजीचा पाय मोडला तेव्हा? तू पहाटेची पाळी मागून घेतलीस, दुपारपासून तिच्या उशाशी बसता यावं म्हणून. तेव्हा तुला कोणी ‘धावपळ नको’ म्हटलं असतं, तर तू ऐकलं असतंस? मी तुझीच मुलगी आहे गं.

बाबा, दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली की त्याच दिवशी कळवा. मांडवी एक्सप्रेसचं आरक्षण लवकर भरतं. चार किरकोळ रजा राखून ठेवल्यात. थेंब मी घालीन, घड्याळ लावून. आई, तोवर विळीवर खाली बसू नकोस, पाण्याची कळशी उचलू नकोस, आणि मी येणार म्हणून घावनांचं पीठ तर मुळीच दळून आणू नकोस.

तुमची,
ताई