आरोग्यमंत्री साहेब, निर्णय माझा म्हणता, मग मशीन घाटावर का?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ३२

साहेब, नमस्कार.

तुम्हाला रोज ढीगभर पत्रं येत असतील म्हणून थेट विषयावर येते. माझं वय ४७. समुद्राकाठी गाव आहे, दारात पंचवीसेक हापूसची कलमं, मी कोकम, आगळ, कुळीथपीठ, आंबापोळी असं घरी करून विकते आणि आमचे हे रिक्षा चालवतात. गावाचं नाव लिहीत नाही कारण सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही आणि आमच्या वाडीत अशी गोष्ट दिवसभरसुद्धा झाकून राहात नाही. मला ब्रेस्ट कॅन्सर झालाय. पहिली स्टेज. डावी बाजू, गाठ १.८ सेंटिमीटर, काखेत सोनोग्राफीत काही दिसलेलं नाही. डॉक्टर म्हणाले लवकर सापडलं, नशीब चांगलं.

आता गुरुवारची गोष्ट सांगते, कारण ती झाली नसती तर मी हे लिहायला बसले नसते. ज्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन व्हायचंय तिथे काउंटरवर कागद घेऊन सकाळी साडेनऊपासून उभी होते. अडीच वाजता नंबर आला. मी विचारलं की गाठ तेवढी काढायची आणि नंतर रेडिएशन घ्यायचं असं ठरवलं तर दोन्ही महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसेल ना, रेडिएशनची तारीख कधी मिळेल, राहायची काही सोय आहे का. समोरच्या माणसाने फाईलवरून मान वर न करता सांगितलं, रेडिएशनला वेटिंग आहे, तुम्ही लांबून येणार, पूर्ण काढून टाका, एका फटक्यात मोकळ्या व्हाल, आणि या वयात ठेवून काय करायचंय.

मागे लाईनीत आठदहा माणसं होती, त्यात पुरुष. आमचे हे माझ्या बाजूला उभे होते, ते खाली बघत राहिले. साहेब, मी रडले नाही तिथे, पण एसटीत खिडकीशी बसून गगनबावड्यापर्यंत रडले. माझ्या शरीराचा कुठला भाग ठेवून मी काय करायचं हे काउंटरवरच्या माणसाने का ठरवावं? तुम्ही सांगा मला.

आणि सुरुवात कुठून झाली तेही सांगते. ऑक्टोबरमध्ये तालुक्याला महिला आरोग्य शिबीर झालं, गुलाबी फुगे, गुलाबी फिती, मोठ्ठा बॅनर, आम्हा बचत गटाच्या बायकांना गाड्या करून नेलं. मॅमोग्राफीची, म्हणजे ब्रेस्टच्या एक्सरेची, गाडी येणार असं आठवडाभर सांगत होते. गाडी आलीच नाही. दुपारी सांगितलं बिघडली, पुढच्या महिन्यात नक्की येईल, सगळ्यांची नावं आणि मोबाईल नंबर लिहून घेतले. तो पुढचा महिना अजून आलेला नाही. स्टेजवरून एका पुढाऱ्यांनी शब्द दिला होता की तपासणीत काही निघालं तर पुढची सगळी जबाबदारी आमची. डिसेंबरमध्ये आंघोळ करताना माझ्याच हाताला गाठ लागली. शिबिरात एका नर्सताईने बोटांनी कसं तपासायचं ते दाखवलं होतं म्हणून लागली, गाडीमुळे नाही. त्या ताईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

मग मॅमोग्राफी प्रायव्हेटला, पैसे भरून. मग बायोप्सी. बायोप्सीचा रिपोर्ट ८ दिवसांत म्हणाले, पण तो पुढचा ईआर पीआर हर-टूचा, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल ते सांगणारा रिपोर्ट धरून सगळं हातात यायला २३ दिवस लागले. ते २३ दिवस मी कसे काढले ते कुणाला सांगू. रात्री झोप नाही, पहाटे उठून कोकमाच्या बरण्या पुसत बसायची, मुलगी बारावीला आहे तिला कळू नये म्हणून तिच्या देखत हसायचं, तुळशीला पाणी घालताना हात नकळत तिथेच जायचा, गाठ वाढली का, वाढली का. फोन केला की उद्या करा. उद्या केला की मॅडम रजेवर.

सर्जन डॉक्टर मात्र देवमाणूस. त्यांनी कागदाच्या पाठीमागे चित्र काढून अर्धा तास समजावलं. दोन रस्ते आहेत म्हणाले. एक, पूर्ण ब्रेस्ट काढायचं, मग काखेत काही निघालं नाही तर बहुतेक रेडिएशन लागत नाही. दुसरा, गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढायचा, पण मग उरलेल्या भागाला रेडिएशन घ्यायचंच, आमच्याकडे त्याला लाईट घेणं म्हणतात. दोन्हीत आयुष्य तेवढंच. मला खरं वाटेना, मला वाटत होतं जास्त काढलं तर जास्त वाचू. तर ते म्हणाले पूर्वी शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांनापण असंच वाटायचं, छातीचे स्नायूसुद्धा कापून काढायचे. मग अमेरिकेत डॉ. फिशर आणि इटलीत डॉ. वेरोनेसी यांनी हजारो बायकांवर अभ्यास केले आणि २००२ साली दोघांचे २० वर्षांचे निकाल आले, जगण्यात फरक नाही. पण अमेरिकेच्या अभ्यासात गाठ काढून ज्यांनी रेडिएशन घेतलं नाही त्यांच्यात १०० पैकी ३९ जणींना त्याच ब्रेस्टमध्ये परत आला, आणि घेतलं त्यांच्यात १४. म्हणजे लाईट टाळून चालत नाही. आणि म्हणाले घाई करू नका, आठपंधरा दिवसांनी काही बिघडत नाही, घरी बोला, निर्णय तुमचा आहे.

निर्णय तुमचा आहे. हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलं. साहेब, मला माझं शरीर आहे तसं हवंय. ४७ व्या वर्षीसुद्धा हवंय. या मापाच्या गाठीला ते शक्य आहे असं डॉक्टर सांगतात. मग मला ते मिळत का नाही, तर लाईटचं मशीन घाटावर, डोंगरापलीकडे आहे. तीन आठवडे, सोमवार ते शुक्रवार, १५ वेळा, वर बूस्ट, म्हणजे गाठीच्या जागेला जादा डोस लागला तर आणखी चारपाच. एकेका वेळेला मशीनखाली दहापंधरा मिनिटं. त्या दहा मिनिटांसाठी आमच्याकडून साडेचार तास जायला, साडेचार तास यायला, पावसाळ्यात घाटात दरड आली तर देवाक काळजी. रोज जाऊन येणं शक्यच नाही. म्हणजे तीन आठवडे तिथेच राहायचं. हिशोब करून ठेवलाय मी. खोलीचे दिवसाला ४०० धरले तर २१ दिवसांचे ८४००. दोघांचं जेवण ६३००. ह्यांची रिक्षा बंद, दिवसाला ७०० धरा, १४७००. झाले २९४००. शिवाय मुलगी घरात एकटी, सासूबाई ८१ वर्षांच्या.

योजना ऑपरेशन देते, लाईटपण देते, मान्य आहे. २०१२ मध्ये जीवनदायी नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा दीड लाख होते, २०२३ च्या जीआरने ५ लाख केले आणि सगळ्या रेशनकार्डवाल्यांना घेतलं, चांगलंच केलं, मी त्याबद्दल वाईट बोलणार नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपरला पूर्ण सवलत, तेही आहे. पण २१ दिवस डोकं कुठे टेकायचं ते कुठल्याच जीआरमध्ये नाही. म्हणून बायका काय करतात, तर पूर्ण काढून घेतात. मला त्या लाईनीत तीन जणी भेटल्या, एक मालवणकडची, दोघी आणखी खालच्या. तिघींना विचारलं. तिघींनी पूर्ण काढलं. एकीलाही कॅन्सरने तसं करायला लावलेलं नव्हतं, तिघींनी येण्याजाण्याला आणि राहण्याला घाबरून काढलं. मालवणची तर म्हणाली, आरशात बघूक नको वाटता, पदर दोन वेळा ओढून घेतंय. तुमच्या रेकॉर्डला हे ऑपरेशन यशस्वी म्हणून लागलं असेल. बायको, आई, सून यांनी खर्च वाचवला असं कुठल्या रकान्यात लिहिता तुम्ही?

माझ्या वन्संचा पण फोन आला, गो, कशाक ठेवतंस, काडून टाक नि मोकळी हो, जीव वाचलो म्हणजे झाला. त्यांचा मी राग धरत नाही, त्या मायेने बोलतात. ज्या बाईला मनापासून पूर्ण काढावंसं वाटतं तिने जरूर काढावं, परत येण्याची धास्ती नको म्हणून काढणाऱ्याही असतात, त्यांचा निर्णय तेवढाच योग्य. काहींना गाठी दोन ठिकाणी असतात, त्यांना बऱ्याचदा काढावंच लागतं. पण तिने ठरवलेलं असावं, घाटाने ठरवलेलं नसावं, एवढंच माझं म्हणणं.

२०२५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये ऐकलं, ३ वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर सेंटर, पहिल्या वर्षी २००. मी खूश झाले होते. मग डॉक्टरांना विचारलं तर कळलं डे केअर म्हणजे मुख्यतः केमो. लाईट नाही. रेडिएशनचं मशीन महाग, त्याला जाड भिंतींची खोली लागते, डोसचं गणित बघणारा फिजिसिस्ट लागतो, टेक्निशियन लागतो, मला कळतं. पण मुंबईत एकेका रस्त्यावर दोन दोन मशीनं असू शकतात आणि आम्ही डोंगर ओलांडायचा? गोवा जवळ होता, तर २०१८ च्या जानेवारीपासून तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात बाहेरच्यांना फी लागली. त्यांचं राज्य, त्यांची माणसं आधी, बरोबरच आहे त्यांचं. आमचं राज्य कुठे आहे?

कोकण तुम्हाला आठवतं कधी, तर गणपतीला आणि आंब्याला. मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ ला सुरू झालं, तेव्हा माझी मुलगी अगदी लहान होती, आता ती बारावीला बसतेय. त्याच रस्त्याने पेशंट नेतो आम्ही, टाके असलेले, नळी लावलेले. दर निवडणुकीला मेडिकल कॉलेज, मल्टिस्पेशालिटी, भूमिपूजन, नारळ. लाडक्या बहिणीचे १५०० मला येतात, मी घेते, खोटं बोलणार नाही, पण बहिणीला ओवाळणी घालून तिच्या आजारात तोंड फिरवत नाहीत आपल्यात. २०२२ च्या जागतिक आकड्यांत भारतात वर्षाला १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने ब्रेस्ट कॅन्सर, ९८ हजार गेल्या. मी भागाकार केला, सव्वापाच मिनिटाला एक. तुम्ही हे वाचून संपवेपर्यंत एक गेलेली असेल.

आणि सगळ्याला कोट्यवधीच लागतात असंही नाही. टाटा कॅन्सर हॉस्पिटलने मुंबईतल्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाख बायकांवर अभ्यास केला, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, तर पन्नाशीच्या पुढच्या बायकांत ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हाताने, साहेब. गाडी लागली नाही, फुगे लागले नाहीत. आमच्या आशाताईंना, नर्सताईंना तेच नीट शिकवा, त्यासाठी वेगळे पैसे द्या त्यांना, फुकट राबवू नका. टाटाच्याच डॉ. बडवेंच्या टीमने १६०० बायकांत दाखवलं की ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती साधं भुलीचं इंजेक्शन दिलं तर ५ वर्षांनी जास्त बायका जिवंत राहतात, ८६ च्या जागी ९० टक्के. खर्च शंभर रुपयांच्या आत. मी गुरुवारी काउंटरच्या आधी वॉर्डात विचारलं, मला देणार का. कुणाला माहीत नव्हतं. मराठीत एक साधा कागदसुद्धा नाही की बाई, तुला हे दोन रस्ते आहेत, हे विचार. मी सगळं मोबाईलवर शोधलं, मुलीच्या डिक्शनरीतून शब्द लावले. ज्या बाईला वाचता येत नाही तिचं काय?

मला काय हवंय ते सरळ सांगते. कोकणात सरकारी रेडिएशन, तारीख सांगा, भूमिपूजनाची नको, पहिल्या पेशंटची. तोवर लाईट घेणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला तीन आठवडे राहायला जागा, जिथे मशीन आहे तिथे. ऑपरेशनच्या आधी दोन्ही पर्याय मराठीत समजावून सांगणारी एक बाई, काउंटरवर नाही, दार असलेल्या खोलीत. आणि ज्या नंबरावर आम्ही फोन करतो तो उचला.

मी ठरवलंय. गाठ तेवढीच काढणार आणि लाईट घेणार. त्यासाठी यंदा सगळी कलमं खंडाने दिली, मोहर बघून व्यापाऱ्याने ठरवलं, निम्मे पैसे हातात आले. सासऱ्यांनी लावलेली कलमं, पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात गेली. सासूबाईंना सांगितलंय की ह्यांच्या रिक्षाचं इंजिन करायचंय. सोमवारी फॉर्मवर सही करायची आहे, शिमग्याच्या आधी ऑपरेशन झालं तर पालखी घरी येईल तेव्हा मी उभी असेन.

काउंटरची तक्रार शुक्रवारी ऑनलाइन नोंदवली आहे, माझं नाव आणि नंबर तिथे आहे. उत्तर द्यायचं झालं तर मोबाईलवर द्या. घरी पत्र पाठवू नका, पोस्टमनकडून पत्र सासूबाई घेतात.

तुमची,
कोकणातली एक पेशंट