आई-बाबा, ऑपरेशनची तारीख ठरली आहे

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की आई रडते आणि बाबा ‘बघू’ म्हणून फोन ठेवतात, म्हणून लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबा, मधले आकडे गाळू नका आणि आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवा.

तारीख 12 डिसेंबर, शुक्रवार. वजन आणि साखर उतरवण्यासाठी दुर्बिणीतून गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठर-आतड्याचं ऑपरेशन, पुण्यातच. मिरजेत गल्लोगल्ली डॉक्टर असताना पुणं कशाला, हे तुम्ही म्हणणार ते मला ठाऊक आहे. पण या ऑपरेशननंतर तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आणि पुढे जन्मभर दरवर्षी तपासणी असते. ती मी राहते तिथेच झालेली बरी.

आता बाबांचा मुद्दा: ‘तू स्वतः लोकांना आहार लिहून देतेस, मग तुलाच का जमू नये?’ बाबा, हे तुम्ही रागाने बोलला नाहीत हे मला कळतं. उत्तरही माझ्या कामातूनच देते. वजन उतरू लागलं की शरीर ते परत मिळवायच्या मागे लागतं. भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं घटतात आणि बसल्या जागी जळणारी ऊर्जाही कमी होते. मेलबर्नच्या डॉक्टरांनी 2011 मध्ये दाखवून दिलं की वजन उतरल्यावर वर्ष उलटलं तरी हा बिघाड सरळ होत नाही. म्हणजे वर्षभर नेटाने खाल्लं तरी भूक पहिल्या दिवसापेक्षा जास्तच. अमेरिकेत मधुमेह असलेल्या पाच हजारांवर लोकांना आहारतज्ज्ञ, व्यायाम, गटाच्या बैठका असं सगळं देऊन वर्षानुवर्षं पाहिलं. पहिल्या वर्षी वजन सरासरी 8.6 टक्के उतरलं, शेवटी 6 टक्के उरलं. हे थोडं नाही, साखर आणि बीपी त्यानेही सुधारतात. पण माझ्या 104 किलोंतले 6 टक्के म्हणजे सहा किलो. उंची 158, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 41 च्या वर. आपल्याकडच्या लोकांना 25 पासूनच लठ्ठ धरतात.

दोन वेळाच जेवणं बाबांना मानवलं, याचा मला आनंदच आहे. पंचावन्न मिनिटांचं घड्याळ लावून जेवताना तुम्ही फार ऐटीत दिसता. पण तुम्हाला आठ किलो उतरवायचे होते, मला तीस. शिवाय माझी साखर ओवी पोटात होती तेव्हापासूनची आहे. नुसत्या आहाराने मधुमेह मागे हटतो हे खरं आहे. ब्रिटनमध्ये रोज सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींच्या द्रव आहारावर तीन ते पाच महिने ठेवलेल्यांपैकी 46 टक्के लोक वर्षाअखेर गोळ्यांशिवाय मधुमेहमुक्त होते. दुसऱ्या वर्षी ते 36 टक्क्यांवर आले. त्यात घेतलेले सगळे सहा वर्षांच्या आतले मधुमेही होते. माझ्याकडे कोणी सहा महिन्यांपूर्वी साखर निघालेला आला तर मी त्याला आधी हाच रस्ता दाखवते, ऑपरेशनचं नावही काढत नाही. माझी गाडी त्या फाट्याच्या फार पुढे गेली आहे. तीन गोळ्यांवरही एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 8.6 आहे.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल दादाने विचारलं होतं. त्यातलं टिर्झेपॅटाइड मार्च 2025 पासून आपल्याकडे मिळतं. सर्वांत मोठ्या डोसवर सव्वा-दीड वर्षात मधुमेह नसलेल्यांचं सरासरी वीस टक्के वजन उतरतं, मधुमेहींचं त्याहून कमी. वाईट औषध नाही. पण या जातीची औषधं थांबवली की उतरलेलं वजन बरंचसं परत येतं. म्हणजे ते जवळजवळ कायमचं घ्यायचं, दर महिन्याला खिशातून. पुढे कधी वजन पुन्हा चढू लागलं तर ते जोडीला घेता येईल, ती वाट बंद होत नाही.

आई, आता पोटात नेमकं काय करतात ते वाच, म्हणजे तुझ्या डोळ्यांपुढे येतं तसलं काही नाही हे कळेल. आत्याच्या वेळी पोट उघडलं होतं. ते 1994 होतं. आता पाच-सहा छोटी भोकं, सगळ्यात मोठं सव्वा सेंटिमीटरच्या आत. जठराचा वरचा जेमतेम 30 मिलीचा भाग स्टेपलरने वेगळा करतात. औषधाच्या बाटलीवर प्लॅस्टिकचा माप-पेला येतो ना, तेवढा. खालचं जठर काढत नाहीत, ते जागेवरच राहतं. लहान आतडं थोडं पुढे कापून त्याचं खालचं टोक या छोट्या जठराला जोडतात, आणि पित्त व पाचकरस आणणारं वरचं टोक शंभर-दीडशे सेंटिमीटर खाली पुन्हा जोडतात. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं, तिथून पोट भरल्याची संप्रेरकं भरपूर सुटतात. त्या इंजेक्शनांत यांपैकीच एकाची नक्कल असते. म्हणून साखर वजनाच्या आधी उतरते, कधी कधी घरी यायच्या आतच.

वजनाचं दुसरं ऑपरेशन, स्लीव्ह, ते का नाही, हे दादाला सांगा. त्यात जठराचा पाऊण हिस्सा कायमचा कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी उरते. ऑपरेशन सोपं आहे, आपल्याकडे खूप होतं. पण त्या अरुंद नळीतला दाब वाढून आम्लपित्त बळावतं. माझ्या एंडोस्कोपीत हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला, आणि अन्ननलिकेला सूज दिसली आहे, म्हणून सर्जननी स्वतःच बायपास सुचवला. साखरेवरही बायपास थोडा सरस ठरतो. मधुमेहींच्या एका अमेरिकन चाचणीत पाच वर्षांनंतर एचबीएवनसी 6 किंवा त्याखाली असलेले नुसत्या औषधांवर 5 टक्के, स्लीव्हवर 23 टक्के आणि बायपासवर 29 टक्के होते. म्हणजे सत्तर टक्क्यांना बायपासनेही ते जमलं नाही, हे मी लपवत नाही. साखर पुष्कळांची सुधारली, तरी थोडीफार औषधं राहू शकतात.

बाबा, ‘काही बरंवाईट झालं तर?’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण झोप त्यानेच उडाली असणार. पहिल्या महिन्यात दगावण्याचं प्रमाण साधारण हजारात एक, म्हणजे आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. तेव्हा तुम्ही तिला किती धीर दिला होता! पहिल्या आठवड्यात भीती असते ती टाक्यातून गळती, रक्तस्राव आणि पायातल्या रक्ताच्या गुठळीची. गुठळीसाठी घट्ट मोजे, इंजेक्शन आणि त्याच संध्याकाळी चालवणं. गळती झाली तर पोटदुखीच्याही आधी नाडी बोलते. नाडी सतत 120 च्या वर, ताप, वाढत जाणारं दुखणं किंवा खांद्यात कळ, यातलं काहीही झालं तर थेट हॉस्पिटल. यांना ते पाठ आहे. पुढे कधीतरी आतडं फटीत अडकू शकतं. जेवल्यावर पिळवटून दुखतं आणि सोनोग्राफीत काही दिसत नाही, सीटी स्कॅनच लागतो. मिरजेला असताना असं झालं तर ‘गॅस असेल, ओवा घे’ म्हणू नका, डॉक्टरला आधी ‘बायपास झालाय’ सांगा. गुडघेदुखीची गोळी मला कधीच देऊ नका. त्या जातीच्या गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालते.

28 नोव्हेंबरपासून दोन आठवडे माझं खाणं आठशे-हजार कॅलरींवर असेल, भात-चपाती जवळजवळ बंद. त्यासाठी हळहळू नका. माझ्या यकृतावर चरबी आहे आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर येतो. तो आक्रसला नाही तर सर्जनना वाटच मिळत नाही.

त्यानंतरचं पथ्य मात्र आईने नीट वाचायचं, कारण घोळ तूच घालशील! पहिले एक-दोन दिवस नुसतं पाणी, त्याच माप-पेल्यातून, पंधरा मिनिटांनी एक पेला. मग दोन आठवडे पातळ: ताक, गाळलेलं डाळीचं पाणी, प्रोटीन पावडर घातलेलं साय काढलेलं दूध. पुढचे दोन आठवडे घोटलेलं: घट्ट मूगडाळ, कुस्करलेलं पनीर, दही. मग मऊ भाज्या. भाकरीचा तुकडा सहा ते आठ आठवड्यांनी, तोही चावून लगदा झाल्यावर. मऊ भात आणि ताजी चपाती बाधणार नाही असं तुला वाटेल, पण त्यांचाच गोळा होऊन जोडावर बसतो. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागतं. शिजलेल्या डाळीच्या वाटीत सहा-सात ग्रॅम असतं, म्हणजे नुसत्या डाळीवर दहा वाट्या, आणि माझ्या पोटात त्या वेळी अर्धी वाटी मावणार. म्हणून पावडर. ती ‘केमिकल’ नाही, दुधातलंच प्रोटीन आहे. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. डिंकाचे लाडू अजिबात नाहीत. साखर एकदम आतड्यात उतरली की वीस मिनिटांत घाम, धडधड आणि जुलाब.

गोळ्या जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, बी-12, डी, लोह, कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेटच, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि या छोट्या जठरात ते फारसं नसतं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. पहिले सहा महिने पित्तखड्यांसाठी वेगळी गोळी, आई, ते तुझ्याकडून वारशाने यायला नको. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतील. ते परत येतात, त्यावर माक्याचं तेल पाठवू नका. बरं, पाठवा. पण रडू नका.

म्हणजे बघा, आहार-व्यायाम सोडून मी सोपी वाट धरलेली नाही. तोच आहार आणि तेच चालणं आहे, आणखी कडक आणि कायमचं. फक्त भूक माझ्या बाजूला येईल. आणि मी सडसडीत वगैरे होणार नाही, पंचाहत्तरच्या आसपास थांबेन. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा हजारो लोकांवर लक्ष ठेवलं आहे. बायपासवाल्यांचं वजन दहा वर्षांनीही सरासरी पाव हिश्श्याने कमी होतं, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं जवळपास जिथल्या तिथे.

बाबा, एफडी मोडायची नाही. विमा आहे. 2020 च्या ऑक्टोबरपासूनच्या नियमांनुसार बीएमआय 40 च्या वर असला आणि डॉक्टरांनी लिहून दिलं असलं की हे ऑपरेशन विम्यात बसतं. पूर्वमंजुरीची कागदपत्रं गेली आहेत. ती एफडी कशासाठी ठेवली आहे ते आपल्या तिघांना माहीत आहे, तिथेच राहू दे.

आता एक सांगते, मनाला लावून घेऊ नका. ऑपरेशनच्या दिवशी येऊ नका. नको आहात म्हणून नव्हे गं आई. भुलीतून जागी होताना तुझा हात कपाळावर असता तर मला हवाच होता, गोवरात होता तसा. पण तिथे बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एकालाच पास, आणि तुझे गुडघे. बाबांचं बीपी त्या दिवशी कुठे जाईल ते वेगळंच. दोन-तीन दिवसांत मला घरी सोडतील. तुम्ही 18 तारखेला कोयनेने या. दिवसाची गाडी आहे, यांना स्टेशनवर पाठवते. रात्रीची बस नको.

बाबांना बाथरूमला लागून असलेली खोली दिली आहे, कमोडच्या बाजूला धरायला दांडा बसवून घेतला आहे. आईला जमिनीवर बसायला लागू नये म्हणून ओट्याशेजारी उंच स्टूल आहे. गाईचं दूध पहाटे येतं, साडेपाचचा चहा चुकणार नाही. पेपरही सुरू केला आहे. पोळ्यांना मावशी येतात, तू फक्त त्यांच्या चुका काढायच्या.

आणि महिनाभर आधीपासून: बाबांनी बीपीची गोळी ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही, डोळ्यांच्या थेंबांची नवी बाटली उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची. आईने गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळा करायचे, खुर्चीत बसून पाय सरळ, दहा मोजायचं. येताना दोघांचे रिपोर्ट, सगळ्या गोळ्या पाकिटांसकट आणि आईची जुनी सुती नऊवारीची गोधडी आणा. खाण्याचं काही आणायचं असेल तर ओवीसाठी भडंग, तिखट कमी.

तुमची,
बेबी

ता. क. माझ्या ऑपरेशनचं काकांना इतक्यात कळवू नका. कळलंच तर पित्ताशयाचं आहे म्हणा. आई, तुला खोटं बोलता येत नाही, तेव्हा तो फोन बाबांनी घ्यायचा.