तक्रार : अपंगत्व लाभाच्या बदलत्या रकमेचा व तारखेचा लेखी हिशेब मिळण्याबाबत

प्रति,
प्रमुख, दावे विभाग, तसेच तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज झालेले बोलणे संपताच हे पत्र लिहीत आहे. माझ्या पॉलिसीखालील अपंगत्व लाभ नेमका कोणत्या दिवशी जमा होतो आणि त्याची रक्कम दर वेळी वेगळी का असते, एवढेच मला विचारायचे होते. आपल्या प्रतिनिधींकडे या दोन्ही प्रश्नांवर ‘प्रक्रियेत आहे’ हे एकच उत्तर आहे.

पॉलिसी आपणच लिहिलेली असल्यामुळे ती आपल्याला समजावून सांगण्याचा माझा विचार नाही. प्रतीक्षा कालावधीचे, म्हणजे अपंगत्व आल्यानंतरच्या सुरुवातीच्या ठरावीक काळाचे, पैसे मिळत नाहीत आणि लाभ उलटून गेलेल्या काळासाठी दिला जातो, त्यामुळे पहिली रक्कम उशिरा येणार, हे मी कलमे वाचून समजून घेतले. लाभ दर चार आठवड्यांनी देत असल्याने तो वर्षातून 12 नव्हे तर 13 वेळा येतो, त्याची तारीख बहुतेक महिन्यांत दोन-तीन दिवस अलीकडे सरकते आणि एखाद्या महिन्यात रक्कम दोनदा जमा होते, हे मी कॅलेंडर समोर ठेवून शोधून काढले. हे सांगायला आपल्याला एक ओळ पुरली असती. जमा करण्याचा दिवस सुट्टीचा असेल तर रक्कम आधी येणार की नंतर, हे मात्र कॅलेंडरही सांगू शकत नाही, कारण ती एकदा आदल्या कामकाजाच्या दिवशी आली आणि एकदा सुट्टीनंतर. घरभाड्याला असे दोन्ही पर्याय नसतात.

आता रकमेविषयी. मी अर्धवेळ काम सुरू केल्यापासून माझ्या कमाईच्या प्रमाणात लाभातून वजावट होते, आणि तसे कलमात असल्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु माझी कमाई महिन्याची आणि आपला लाभ चार आठवड्यांचा. ही मासिक कमाई आपण 12 ने गुणून 13 ने भागता, की महिन्याचा आकडा जसाच्या तसा चार आठवड्यांच्या प्रत्येक चक्रातून वजा करता? जसाच्या तसा वजा करत असाल तर वर्षभरात आपण माझी 13 महिन्यांची कमाई धरता, आणि तेरावा महिना मी अद्याप तरी जगलेले नाही. हा प्रश्न मी दोन वेगवेगळ्या प्रतिनिधींना विचारला. एकाने मला होल्डवर ठेवले, दुसऱ्याने पोर्टल पाहण्यास सांगितले. पोर्टलवर एक आकडा असतो आणि त्याखाली ‘समायोजनानंतर’ असे लिहिलेले असते.

त्यातच उत्पन्नाचे घोषणापत्र महिनाअखेरीस द्यायचे, ते आपल्याकडे तपासले जायचे आणि त्याचा परिणाम पुढच्या चक्रात दिसायचा, अशी आपली पद्धत आहे. परिणामी ज्या महिन्यात दुखणे वाढून मला काम जवळजवळ बंद ठेवावे लागले, त्याच महिन्यात त्याआधीच्या बऱ्या महिन्याची वजावट झाली आणि दोन्हीकडून हात रिकामे राहिले. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या फेरतपासणीसाठी लाभ रोखून धरला गेला आणि नंतर थकबाकी एकरकमी आली, तेव्हाही तिच्यात मूळ लाभ किती, करकपात किती आणि पूर्वी जास्त दिलेल्या रकमेची वसुली झाली असल्यास ती किती, यांपैकी काहीही कळवले गेले नाही.

आजचे संभाषण मी येथे सविस्तर नोंदवीत आहे, कारण आपल्या नोंदीत ते ‘ग्राहकाचे समाधान झाले’ असे गेले असण्याची मला दाट शंका आहे. या वेळची रक्कम कमी का, असे मी विचारले. प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, रक्कम कमी आलीय म्हणजे तुमची तब्येत सुधारली असेल.” असे कोण म्हणते, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, “सिस्टिममध्ये तसं दिसतंय.” माझी शेवटची वैद्यकीय तपासणी आपल्याच नेमलेल्या डॉक्टरांनी केली असून त्यांच्या अहवालात सुधारणेचा उल्लेख नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यावर काही वेळ कळफलकाचा आवाज येत राहिला आणि मग ते अत्यंत समजूतदारपणे म्हणाले, “पण पैसे तर मिळतायत ना तुम्हाला?” मी गप्प राहिले. ते त्यांना होकारार्थी वाटले असावे, कारण लगेच त्यांनी मला या संभाषणाला पाचपैकी किती गुण देणार, असे विचारले.

आपल्या सिस्टिमला माझ्या प्रकृतीची माझ्या डॉक्टरांपेक्षा आधी आणि बँकेच्या खात्यामार्फत बातमी लागत असेल, तर आपण विम्याचा व्यवसाय सोडून रोगनिदानाकडे वळावे, अशी माझी नम्र सूचना आहे. पैसे मिळतात, हे मलाही दिसते. ते किती मिळायला हवे होते, हे मी विचारत आहे. प्रीमियम भरत असताना एका दिवसाचा उशीर झाला तरी विलंब शुल्काचा हिशेब पैशापैशाने येत असे. तोच हिशेब देण्याची पाळी आपल्यावर आली की आपले संगणक अचानक मोघम का बोलू लागतात, हे मला समजलेले नाही. धडधाकट असताना मी ही पॉलिसी विश्वासाने घेतली होती आणि इतरांनाही सुचवली होती. यापुढे मी ती कोणालाही सुचवणार नाही.

लाभ सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक रकमेचा कालावधी, मूळ लाभ, वजावटीसाठी धरलेली कमाई व ती कोणत्या महिन्याची, करकपात आणि वसुली दाखवणारे विवरणपत्र मला लेखी पाठवावे. पुढील वर्षभराच्या जमा तारखा आणि सुट्टीबाबतचा नियम त्यासोबत कळवावा. मासिक कमाई 13 वेळा पूर्ण वजा झाली असल्यास फरकाची रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत हे न मिळाल्यास मी विमा लोकपालाकडे आणि विमा नियामकाकडे तक्रार दाखल करीन, आणि आजच्या कॉलचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून मागवण्याची विनंती त्यांना करीन. कॉल ध्वनिमुद्रित होत असल्याचे आपलेच यंत्र सुरुवातीला सांगते, तेव्हा ते सापडत नाही असे कळवू नये.

या पत्राचे उत्तर केवळ लेखी द्यावे. कृपया कोणीही फोन करू नये.

आपली विमाधारक