कणाइतकेच आवरणही महत्त्वाचे

रविवारच्या पुरवणीतील चुंबकीय नॅनोकणांवरचा (म्हणजे औषधात वापरल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवरचा) लेख आवडला. मात्र त्यात कणांवरील आवरणाचा उल्लेखही नाही, हे खटकले. गाभा लोहाच्या ऑक्साइडचा असला, तरी शरीराशी पहिली गाठ पडते ती आवरणाची. फेरुमॉक्सिटॉल या औषधाचेच पाहा. शर्करायुक्त आवरणाचे हे लोहकण २००९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडविकारातील रक्तक्षयासाठी मंजूर झाले. पुढे तीव्र अ‍ॅलर्जीने काही रुग्ण दगावले आणि २०१५ मध्ये इशारा कडक करावा लागला : औषध किमान १५ मिनिटे सावकाश द्यावे, नंतर अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवावे. माझ्या आईला सलाइनमधून लोह (वेगळ्या प्रकारचे) दिले, तेव्हा बाटली संपताच घरी पाठवले. रिक्षात ती घामाने चिंब झाली होती. असे लेख छापताना ही खबरदारीही ठळक छापावी.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे