आई-बाबा, रविवारी दादा रिक्लायनर न्यायला येणार आहे

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर काही सांगायला गेले की आई "बरं बरं" म्हणते आणि फोन बाबांच्या हातात देते, आणि बाबा "मी एकदम मजेत" म्हणून क्रिकेटवर जातात, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, आणि आई, तू मधेच उठून गॅसकडे जाऊ नकोस.

जे ठरलंय ते आधी सांगून टाकते. रविवारी दादा येईल आणि रिक्लायनर घेऊन जाईल. विकणार नाहीये, आत्याकडे राहील. त्याच्या जागी लाकडी हातांची सरळ खुर्ची येतेय, कडक नाही, खाली गादी शिवून घेतलीय आणि पाठीला तुमची ती निळी उशी बसेल. मला माहितीये तुम्हाला वाईट वाटणारे, पोरीनं पगारातून घेतलेली वस्तू पोरगीच काढून नेतेय. बाबा, ती मीच आणली होती ना दोन वर्षांपूर्वी, डायलिसिस सुरू झालं त्या महिन्यात, आणि मीच म्हटलं होतं की आयुष्यभर सायकल मारलीत, आता फक्त आराम करायचा. ते माझं चुकलं. कुणाला न विचारता बोलले होते, आणि तुम्ही ते इतकं मनावर घेतलंत की आता बाथरूमला जायचं तरी आईला हाक मारून हात मागता.

मे महिन्यात तुमच्याबरोबर साताऱ्याला सहा वेळा आले ना, तेव्हा नीट बघितलं. जायला एक तास, मशीनवर चार तास, यायला एक तास, आणि घरी आल्यावर त्या खुर्चीत संध्याकाळपर्यंत. असे आठवड्यातले तीन दिवस. मधल्या दिवशी "काल डायलिसिस झालं, दमलोय" म्हणून परत त्याच खुर्चीत. आणि आपल्या घराच्या चौदा पायऱ्या चढताना तुम्ही दोनदा थांबलात. मला वाटलं रक्त कमी असेल म्हणून, पण रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 8 वरून साडेदहा झालेलं. किडनी रक्त बनवायला सांगणारं हार्मोन तयार करते, ते कमी पडलं की रक्त कमी होतं, म्हणून ती पोटावरची इंजेक्शनं. मग रक्त सुधारलं तरी पायऱ्या तशाच कशा, असं डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले रक्त ऑक्सिजन नेऊन देईल हो, पण घ्यायला मांडीत स्नायू तरी हवेत ना.

मग त्यांनी बराच वेळ समजावलं. किडनी बंद पडली की रक्तात ॲसिड साठतं आणि ते स्नायू मोडायला लावतं. प्रत्येक डायलिसिसला फिल्टरमधून थोडी अमिनो ॲसिडं, म्हणजे प्रोटीनचे तुकडे, निघून जातात. वर बसून राहणं. तिन्ही बाजूंनी स्नायूच जातात, आणि सगळ्यात आधी जोर लावून उठायचे, पायरी चढायचे ते. वजनावर कळत नाही कारण तिथे पाणी भरतं. बाबांची मांडी मी हातानं बघितली होती आई, तुला बोलले नाही तेव्हा.

आता आई, तुझ्याशी बोलायचंय, रागावू नकोस. दोन वर्षं तू बाबांना पाण्याचा ग्लास हातात दिलास, चप्पल पायात घातलीस, डाळ मोजून वाढलीस, रात्री एक-एक वाजेपर्यंत पाय चेपलेस. तुझ्यामुळे बाबा आहेत, हे डॉक्टरांनीही म्हटलं. पण यातलं थोडं आता बंद करायचंय. ग्लास टेबलावर ठेव, हातात देऊ नकोस. पाणी तेवढंच, मोजून, फक्त उठून घेतील. आणि डाळ कमी हा नियम डायलिसिसच्या आधीचा होता, तेव्हा किडनी वाचवायची होती. आता उलटं झालंय, 54 किलोच्या माणसाला रोज साधारण 55 ते 65 ग्रॅम प्रोटीन लागतं असं आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिलंय, कागद फ्रिजवर लावलाय. अंड्याचा पांढरा भाग रोज दोन. पोटात प्रोटीन नसेल तर व्यायामानं नुसती झीज होईल. भाज्या चिरून उकळून पाणी फेकून देतेस ते अगदी तसंच चालू ठेव, त्यात तुझ्यासारखं कुणी करत नाही.

रात्री पाय वळवळतात, झोप लागू देत नाहीत, ते डायलिसिसवाल्या खूप जणांना होतं आणि व्यायामानं ते बऱ्याच जणांचं कमी होतं. मला यात बाबांइतकीच तुझी झोप दिसतेय. तुझे गुडघे काय कमी दुखतात का.

बाबा, आता काय करायचं ते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पिठाच्या गिरणीपर्यंत दहा मिनिटं चालायचं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी, बास. घाटावर जा, गणपतीला जा, पण घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत अजून. एवढ्यानं काय होणार म्हणाल. इटलीत असंच केलं होतं, 2017 साली छापून आलं, डायलिसिसवाल्या माणसांना घरच्या घरी दहा-दहा मिनिटं हळू चालायला लावलं. आधी ते सहा मिनिटांत सरासरी 328 मीटर चालायचे, सहा महिन्यांनी 367 झाले, आणि ज्यांना काही सांगितलं नव्हतं ते 321 चे 324. म्हणजे 39 मीटर, आपल्या दारापासून जवळजवळ पाराच्या कट्ट्यापर्यंत. ऐकायला थोडं वाटतं, पण ते 39 मीटर म्हणजे कुणाचा हात न धरता कट्ट्यावर जाऊन बसणं.

आणि खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं. खुर्ची भिंतीला टेकवून. सुरुवातीला उजव्या हाताचा आधार चालेल. मे महिन्यात तुम्हाला 24 सेकंद लागले होते. आईनं कालनिर्णयवर लिहायचं.

नाडी बघत बसू नका. पायऱ्या चढल्यावर मी बघितली तर 84, मी खूश, पण डॉक्टर म्हणाले या आजारात हृदयाचे मज्जातंतूच मंद होतात, त्यात बीपीची गोळी नाडी दाबून धरते, त्यामुळे शरीर दमलं तरी आकडा वाढत नाही. मग मोजायचं कसं, तर बोलता येतंय का बघायचं. मला तिथंच रडू आलं बाबा, कारण हे तर तुमचंच होतं. पसरणीला मनीऑर्डर द्यायला जाताना मला सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून बसवायचात, चढ आला की तुम्ही उतरायचात, मी बसलेलीच, आणि सायकल ढकलत म्हणायचात, चिमे गोष्ट सांग, मी हूं म्हणेन, माझा हूं बंद झाला की आपण थांबायचं. आता आईनं गोष्ट सांगायची आणि तुमचा हूं यायला हवा. बंद झाला की थांबा, लाजायचं नाही.

दुसरं म्हणजे सेंटरमध्ये पेडल. पलंगाच्या पायाशी ठेवायचं, पडल्या पडल्या मारायचं, मी घेतलंय, सिस्टरांशी बोलणं झालंय. फक्त पहिल्या दोन तासांत, कारण नंतर बरंच पाणी काढून झालेलं असतं आणि बीपी पडतं. पाय हलले की स्नायूंकडे रक्त जास्त जातं आणि तिथं अडकलेला कचरा रक्तात उतरतो, म्हणजे मशीनच्या हाती लागतो, पण त्याचा मोठा फायदा होतो असं काही मी छातीठोक सांगणार नाही. ब्रिटनमध्ये एका अभ्यासात सहा महिने अशी सायकल मारूनही रोजच्या जगण्यात रुग्णांना विशेष फरक वाटला नव्हता. म्हणून माझा भर चालण्यावर आणि खुर्चीवर आहे, पेडल मुख्यतः यासाठी की ते चार तास तुम्ही छताकडे बघत काढता ते मला बघवलं नाही. किडनी यातल्या कशानंच परत येणार नाही हेही मला माहितीये, तुम्हालाही माहितीये.

आता ऐका, यात हयगय चालणार नाही. फिश्चुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला नस जोडून घेतलीय त्या हातानं पिशवी उचलायची नाही, त्या हातावर घड्याळ नाही, बीपीचा पट्टा नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, सकाळी उठल्यावर बोट ठेवून सळसळ लागते का बघायचं, नाही लागली तर चहासुद्धा न घेता साताऱ्याला फोन. सुया असताना तो हात अजिबात हलवायचा नाही. डायलिसिस संपल्यावर लगेच व्यायाम नाही, बीपी खाली असतं आणि रक्त पातळ करायचं औषध अंगात असतं, पडलात तर निभावणार नाही. शुक्रवारनंतर सोमवारपर्यंत मोठी सुट्टी पडते, त्यात पोटॅशियम चढतं, ते हृदयाला धोक्याचं, आणि जोर केला की स्नायूंतूनही ते रक्तात येतं, म्हणून रविवारी काही नाही आणि सोमवारी सकाळी तर मुळीच नाही. दोन डायलिसिसच्या मधे वजन अडीच किलोच्या वर वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, छातीत दुखलं, तर खुर्ची-चालणं सगळं बंद आणि आधी फोन. आणि नानाकाका शहाळं घेऊन आले तर आई, हसून घे, पण बाबांना देऊ नकोस, त्यात पोटॅशियम भरपूर, काकांना मी स्वतः समजावते म्हणजे तुझ्यावर रुसणार नाहीत.

मी इथं बंगळूरमध्ये बसून हे सगळं लिहितेय आणि करणार तुम्ही दोघं, याची मला लाज वाटते. यायला हवं होतं, कायमचं नाही जमत, पण दर महिन्यातला एक आठवडा घरून काम करायची परवानगी काढलीय, दहा तारखेला येतेय. फिजिओथेरपिस्ट ताई पुढच्या मंगळवारपासून येतील, पहिले आठ वेळा, त्यांचे पैसे दिलेत, तेव्हा आई "कशाला उगीच" म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नकोस, चहा दे. बाबा, रंगपंचमीला बावधनचं बगाड बघायला जायचंय म्हणालात ना, गाडी लांबच लावावी लागेल आणि पुढे चालावं लागेल, मी बरोबर असेन, खुर्चीपण घेऊ घडीची.

दादाला सांगा खुर्चीच्या पायांना रबर लावून दे, फरशी गुळगुळीत आहे. आणि रिक्लायनरच्या बाजूच्या खिशात बाबांचा जुना चष्मा आणि डायलिसिसचं पुस्तक असतं, तो न्यायला येण्याआधी आठवणीनं काढून घ्या.

तुमची,
चिमी