पाहुणे आणि यजमान

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन महिना झाला, उत्तर आज लिहितोय. मध्ये एक बाई आमचं घर बघायला आल्या होत्या. विकत नाहीये रे, भाड्याचं घर विकणार कसं! बाई कलाकार आहेत. परदेशातून येऊन इथे राहिलेल्यांच्या घरी जातात आणि तिथे जे सापडेल त्यातून काम उभं करतात.

मी आधी नाहीच म्हणालो. ‘मूळचे कुठले तुम्ही?’ ह्याला इतकी वर्षं उत्तर देतोय, आता कलेसाठीही द्यायचं? पण तो प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. म्हणाल्या, डोळे मिटा आणि दिवा लावा. माझा हात सरळ डाव्या भिंतीवर. बटण उजवीकडे आहे, अकरा वर्षं तिथेच आहे! डोळे उघडून बघतो तर डावीकडे, जिथे काहीच नाही तिथे, बोटांचा कळकट डाग. बाईंनी त्यावर पातळ कागद धरला आणि डागाची कड पेन्सिलीने उतरवून घेतली.

त्या रात्री दो हो सू ह्या कोरियन कलाकाराबद्दल वाचत बसलो. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या भाड्याच्या घराच्या भिंती, दारं, बटणं, सगळ्यांवर कागद लावून त्याने रंगीत पेन्सिलींनी घासून ठसे घेतले. कामाचं नाव ‘रबिंग/लव्हिंग’. कोरियनमध्ये र आणि ल वेगळे मोजत नाहीत, म्हणून घासणं आणि माया करणं शेजारी येऊन बसतात. मला ते फार आवडलं.

पण डोक्यातून जात नाही तो पेपॉन ओसोरिओ हा दुसरा कलाकार. जन्म पोर्टो रिको ह्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरचा, १९७५ मध्ये न्यूयॉर्कला आला, तिथे समाजसेवकाची नोकरीही केली. (पोर्टो रिकोची माणसं १९१७ पासून कागदोपत्री अमेरिकन नागरिकच, पण परकेपणा कागद बघून थोडाच येतो.) आगीत घर गेलेल्या एका कुटुंबाबरोबर त्याने टेबलावर मावेल एवढं घर बनवलं आणि ते लोकांच्या घरी मुक्कामाला पाठवलं. म्हणजे बघ, पाहुणी ती कलाकृती! तिला कुठे ठेवायचं, कोणाला बोलावून दाखवायचं, गोष्ट कशी सांगायची, हे घरच्यांनी ठरवायचं. आपण इथे खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारतो. कधीतरी यजमान व्हायला मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते ओसोरिओला कळलं होतं.

आमच्या बाईंना ते पुरतं कळलंय असं मला वाटत नाही. त्यांच्या प्रदर्शनात आमच्या शेजारच्या काकांची बॅग काचेच्या पेटीत ठेवली होती. चाळीस वर्षं ती त्यांच्या कपाटावर पडून असे, विमानाच्या चिठ्ठीसकट. काका समोर उभे, हात मागे बांधून. ‘स्पर्श करू नये’ अशी पाटी होती. मी म्हटलं, काका, बॅग तुमचीच आहे. तर म्हणाले, “असू दे, पाटी लावलीय ना.”

बॅग आता परत कपाटावर गेली आहे. माझ्या डागाचा कागद बाईंकडेच आहे. घरमालक पुढच्या महिन्यात भिंतींना नवा रंग लावून घेणार म्हणतोय. वीतभर भिंत तशीच सोड म्हणून सांगावं का त्याला? वेड्यात काढेल. तू असतास तर काय केलं असतंस, लिही.

तुझाच,
मी