म्हशीची गोष्ट आणि तुझे टायर

मार्दोळ,
20 मे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

शेजारचा विनय उद्या पर्वरीला येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र देतो आहे. सोबत आईने मिस्कुटाची बरणी, सोलं आणि सुक्या सुंगटांची पुडी बांधली आहे. बरणी उभीच ठेव, तेल गळतं. पिशवीच्या तळाशी कागदात गुंडाळलेली आगपेटीची एक काडी आहे. कचरा समजून टाकू नकोस, तिच्याकडे नंतर येतो.

काल फोनवर म्हणालीस की टायर दोनच बदलते, उरलेले दोन अजून एक पावसाळा काढतील, आणि नवे दोन पुढे लावा असं दुकानदारानेच सुचवलंय. मी "बरं" म्हटलं आणि फोन आईकडे दिला. रात्री काही केल्या डोळा लागला नाही.

भोमच्या म्हशीची गोष्ट तू शंभरदा ऐकली असशील. 2001 चा जुलै, आपली पांढरी मारुती 800, तू तीन वर्षांची, आईच्या मांडीवर मागे बसलेली. म्हैस आडवी आली, बाबांनी तिला वाचवायला गाडी वळवली आणि गाडी शेतात गेली. आजी तर पुढेपुढे त्या म्हशीचं एक शिंग मोडकं होतं असंही सांगायला लागली.

मुक्ता, म्हैस नव्हती.

त्या वर्षी टायर गुळगुळीत झाले होते. चार घ्यायचे पैसे नव्हते, म्हणून दोन घेतले. टायरवाला म्हणाला, "मास्तर, नवे पुढे घाला, पुढचीच चाकं गाडी ओढतात." मी विज्ञान शिकवणारा माणूस, पण मलाही ते पटलं. भोम मागे टाकून बाणस्तारीच्या पुलाकडे येताना दोन्ही बाजूंना शेतं लागतात, तिथे रस्त्याच्या कडेने पाणी वाहत होतं. काटा सत्तरच्या वर. पुढची चाकं पाण्यातून अशी सहज गेली की मला पाणी जाणवलंसुद्धा नाही. आणि मग गाडीची शेपटी निघाली. आवाज नाही, हिसका नाही. कुणीतरी गाडी मागून उचलून अलगद बाजूला ठेवावी तशी. मी ब्रेक दाबला, स्टिअरिंग उलटं मारलं, जे करू नये ते सगळं केलं. थांबलो तेव्हा गाडीचं तोंड उलट, फोंड्याकडे होतं आणि मागची दोन चाकं शेताच्या बांधावर. तू हसत होतीस, तुला वाटलं बाबांनी गंमत केली. समोरून बस आली ती अर्ध्या मिनिटाने. ते अर्धं मिनिट मी अजून मोजतो.

घरी आल्यावर आजीने विचारलं, काय झालं? तोंडातून निघालं ते म्हशीचं नाव.

दुसऱ्या दिवशी मागच्या चाकांतली हवा मोजली, 20 पौंड निघाली. पुढे कित्येक वर्षांनी एक सूत्र वाचनात आलं. नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर या दोघांनी 1963 मध्ये विमानांच्या चाकांवर काम करताना मांडलेलं. सोपं आहे: टायरमधल्या हवेच्या पौंडांचं वर्गमूळ काढ आणि त्याला पावणेसतराने गुण. जे उत्तर येईल त्या वेगाला, ताशी किलोमीटरमध्ये, झिजलेलं चाक साचलेल्या पाण्यावर तरंगायला लागतं. 32 पौंडांना 95 च्या जवळपास येतं, 24 ला 82, आणि माझ्या 20 ला 75. हे ढोबळ आहे आणि मूळ विमानाचं आहे. मोटारीचं चाक त्याच्या आधीही तरंगतं. पण मी माझा 75 बघितला आणि वही मिटली.

तरंगतं म्हणजे काय ते तुला डोळ्यांपुढे आणून देतो. टायर रस्त्याला टेकतो तो तुझ्या तळहाताएवढ्या जागेत. ताशी 80 ने जाताना चाक सेकंदाला 22 मीटर पुढे जातं. टेकलेली रुंदी 15 सेंटिमीटर धर, पाणी तीन मिलिमीटर. गुणाकार कर, दर सेकंदाला दहा लिटर येतं. म्हणजे एकेका चाकाने दर सेकंदाला एक बादली पाणी बाजूला सारायचं. ते जातं टायरच्या खाचांतून. खाच उथळ झाली की पाण्याला वाट उरत नाही, ते चाकापुढे साचतं, पाचरीसारखं खाली घुसतं आणि रबर रस्त्यावरून उचललं जातं. तिथे ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस; चाक रस्त्याला टेकलेलंच नसेल तर एबीएस धरणार कशाला?

आता नवे टायर मागे का, ते नीट वाच. पुढची चाकं तरंगली तर स्टिअरिंग एकदम हलकं होतं, लोण्यात फिरवल्यासारखं, आणि इंजिनाचा आवाज उगाच चढतो. गाडी सरळ जात राहते. तुला कळतं, तू अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतेस, वेग उतरतो, पकड परत येते. मागची तरंगली तर तुझ्या हाताला काहीच कळत नाही. कळतं तेव्हा गाडी फिरलेली असते. पुढचे टायर लवकर झिजतात हे खरं, म्हणून दुकानदार पुढे घालायला सांगतो, त्यात त्याचं कपट नसतं. पण तू ठामपणे सांग: नवे मागे, आणि मागचे बरे असतील तर ते पुढे. आणि उरलेले दोन बरेच झिजले असतील तर चारही घे. दोनाचे पैसे मी देतो. याला नाही म्हणू नकोस, तुझ्या आईने माझ्याआधी पैसे काढून ठेवलेत.

झिजलेत की नाही ते काडी सांगेल. तिचा गुल मी काढलाय आणि टोकापासून तीन मिलिमीटरवर लाल शाईची रेघ मारली आहे. काडी खाचेत उभी घाल. रेघ बुडली तर ठीक, रेघ वर दिसली तर टायर पावसाच्या कामाचा नाही. कायदा 1.6 मिलिमीटरपर्यंत चालवतो. खाचांच्या तळाला मधूनमधून रबराचा उंचवटा दिसेल, ती तीच खूण. नवा टायर सात-आठ मिलिमीटरचा असतो. कायद्याची रेघ कोरड्या रस्त्याला ठीक, आपल्या आषाढाला नाही. प्रत्येक टायर तीन जागी मोज, बाहेरची कड, मध्य आणि आतली कड. पुढच्या चाकांची आतली कड उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळव आणि मग वाकून बघ. अलाइनमेंट बिघडलेली असली तर बाहेरून टायर छान दिसतो आणि आतून टक्कल पडलेलं असतं. सेकंडहँड गाडीत हे हमखास.

दुकानात गेलीस की घाई करू नकोस. आई बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारात इसवणाचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय पाटीला हात लावत नाही. टायरचे कल्ले म्हणजे त्याच्या बाजूवर DOT या अक्षरांच्या पुढे शेवटी असलेले चार आकडे. 2319 असेल तर तो 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. "माल ताजा आहे" हे ऐकायचं नाही, आकडे वाचायचे. रबर दुकानात पडूनही कडक होतं, आणि कडक रबर ओल्या डांबराला धरत नाही. पाच-सहा वर्षांचा टायर खाचा खोल असल्या तरी मला नको.

माप तेच घे जे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलं आहे. मोठ्या अ‍ॅलॉयवर रुंद टायर घालायची हौस तू बोलून दाखवलीस. रुंद टायर पाण्यावर लवकर चढतो, कारण त्याला जास्त पाणी सारावं लागतं. होडीची फळी रुंद की अरुंद, कुठली पाण्यावर तरंगेल ते तूच सांग. नक्षीत गोल फिरणाऱ्या सलग खोल खाचा तीन-चार तरी हव्यात. बाण कोरलेला असेल तर चाक त्याच दिशेने फिरलं पाहिजे, बसवून झाल्यावर खाली वाकून बघ. टायरच्या बाजूवर TRACTION, म्हणजे पकड, या शब्दापुढे A किंवा AA असेल तर उत्तम, पण ती परीक्षा ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारण्याची आहे, तरंगण्याची नाही. आणि कुणी जुन्या टायरला ब्लेडने खाचा पाडून देतो म्हणाला, तर नमस्कार कर आणि चालू लाग. हवा दर पंधरा दिवसांनी, गाडी गार असताना.

हे सगळं मृग लागायच्या आत. लोक या महिन्यात पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी, भरतात, तू टायर भर.

चालवण्याचं तुला फार सांगत नाही, तू माझ्यापेक्षा बरी चालवतेस. तरी दोन गोष्टी. पहिल्या दोन-तीन सरींना सगळ्यात जास्त घसरतं, वर्षभराचं तेल आणि धूळ वर येते. डिचोली-साखळीकडे गेलीस तर तांबडा चिखलही. पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी कापलेलं असतं त्या पट्ट्यातून जा, पण अंतर राखून. मात्र ट्रकांनी रस्त्यात खोल चाकोऱ्या पाडल्या असतील तर पाणी त्यांतच साचतं. चाकोरी सोडू नये म्हणतात, तिथे बेलाशक सोड. वेर्ण्याला जाताना नव्या झुआरी पुलावर रस्ता इतका सपाट आणि रुंद लागतो की पाय आपोआप दबतो. पावसात तिथे साठ. क्रूझ कंट्रोल बंद. ते चारी दिवे लुकलुकत ठेवून पळायची जी फॅशन आली आहे, ती तू करू नकोस, वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही.

आणि तरीही गाडी तरंगलीच, तर पाय अलगद काढ, ब्रेकला हात-पाय लावू नकोस, स्टिअरिंग सरळ धर आणि थांब. एक-दोन सेकंद असतात. लांब वाटतात.

चार टायर, तीन जागा, बारा जागी काडी. कुठे रेघ बुडाली, कुठे दिसली, ते शनिवारपर्यंत फोनवर सांग, मी वही घेऊन बसतो. आजीला म्हशीचं काही बोलू नकोस. तिला ती म्हैस आवडते.

तुझे,
बाबा

ता.क. स्टेपनीतली हवाही बघ. 2001 साली आपल्या स्टेपनीत हवाच नव्हती, हे अजून तुझ्या आईलाही ठाऊक नाही.